दोनशे एक्कावन्न वाट्या

(भांड्यांचं दुकान, आळेफाटा. दुकानात भांड्यांवर नावं टाकायचं मशीन आहे. ते बोलायला लागलं की माणसांचं अर्धवट राहतं.)

सिद्धी: मोठ्यानं वाचा.

फतेचंद: वाचायचं काय त्यात. तुला दिसतंय की.

सिद्धी: मला दिसतंय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

फतेचंद: सिद्धी फतेचंद गुगळे.

सिद्धी: पुढं.

फतेचंद: एम. बी. ए.

सिद्धी: त्याच्या पुढं.

फतेचंद: दोन हजार अठ्ठावीस.

सिद्धी: आणि आज कुठलं साल चालू आहे, पप्पा?

फतेचंद: सव्वीस लागलं ना आत्ताच. पण बेटा, वाटी स्टीलची आहे. दोन वर्षं कुठं जात नाही.

लंकाबाई: शेठ, माझ्या भांड्यांचं बघताय का?

फतेचंद: दोन मिनिटं, लंकाबाई.

लंकाबाई: दोन मिनटं म्हणून मगाशी बसले, तवा ऊन पायरीवर व्हतं. आता ते गेलं पार रस्त्याच्या पलीकडं. पिंपरी पेंढारवरनं आले मी, पोरीच्या लग्नाची भांडी घ्यून. तुमची वाटी व्हईल कवाबी.

सिद्धी: मावशी, तुम्हीच न्याय करा. रविवारी आळ्याच्या जैन स्थानकात माझ्या काकूंच्या उपवासाचं पारणं होतं. आमच्यात पारण्याला घरटी एकेक वाटी वाटतात. पप्पांनी आजीला सांगितलं, माळ्यावरचं खोकं ने. आजीनं जिन्याखालचं नेलं.

लंकाबाई: चंदाबाई आज्जीला माळ्यावर चढू तरी कसं वाटावं.

सिद्धी: साठ घरांत साठ वाट्या गेल्या. त्या साठही घरांत मी एमबीए झालेली आहे.

लंकाबाई: आन झाली न्हाईस व्हय?

सिद्धी: मी अजून फॉर्म भरलेला नाही.

लंकाबाई: तरीच. आमच्या वस्तीवर कोंडाबाईकडं आलीया त्यातली एक. तिची लेक दिलीय आळ्यात, तिनं आणली. कोंडाबाईला वाटलं, त्या वाटीची मुदत हाये अठ्ठावीस सालापोत्तर. त्याच्या म्होरं वापरायची न्हाई. ती दही लावायलाबी भेतीय त्यात.

सिद्धी: ऐका, पप्पा. आणि सकाळपासून अकरा फोन. नगरची आत्या म्हणाली, इतकं शिकलीस आणि आम्हाला कळू दिलं नाहीस. मी म्हटलं, आत्या, मलाही आत्ताच कळतंय. शेजारच्या टायरवाल्या काकांनी पेढे मागितले. आणि संगमनेरच्या कुणीतरी माझ्या काकांना विचारलंय म्हणे, मुलगी अठ्ठावीसला पास होणार तर लग्न एकोणतिसात धरायचं का.

फतेचंद: स्थळ चांगलं आहे ते. त्यांचं गुळाचं—

सिद्धी: पप्पा.

फतेचंद: मी फक्त सांगितलं.

सिद्धी: माणूस भांडी विकतो म्हणून काहीही कोरतो का? जी गोष्ट झालीच नाही, ती कोरून ठेवायची?

फतेचंद: पुण्याला लेझरवर करून आणल्या. अडीचशेच्या वर माल घेतला की नाव फुकट टाकून देतात. तो माणूस विचारत होता काय टाकू, काय टाकू. माझ्या तोंडातून निघून गेलं.

सिद्धी: टिंबांसकट निघालं?

लंकाबाई: आता माझी परात घेती का?

सिद्धी: घेते. द्या मावशी. काय टाकायचं?

फतेचंद: परात राहू दे. आधी ते लॅपटॉपवरचं संपव. आज पाच वाजता बंद होतोय ना फॉर्म? ते कोपऱ्यात लाल अक्षरात उलटं मोजतंय. बावन्न मिनिटं उरली, सिद्धी. एक्कावन्न झाली, बघ, आता हे एक—

मशीन: घर्रर्रर्रर्रर्रर्र.

फतेचंद: पन्नास.

लंकाबाई: परातीवर आमच्या ह्यांचं नाव घाल. ‘हौशीराम’ मोठं. त्यांनी निघताना दोनदा सांगितलंय. तांब्यावर मामाचं. आन हंडा सगळ्यात शेवटी, तो माझा हाये. त्याच्यावर ‘चि. सौ. कां. जया हिस आईकडून’. बास. आडनाव न्हाई, गाव न्हाई.

सिद्धी: नुसतं आईकडून?

लंकाबाई: तिला दोन आया हायत व्हय?

फतेचंद: लंकाबाई, तुम्ही उद्या आलात तर नाही का चालणार? पोरीचा आज महत्त्वाचा दिवस आहे.

लंकाबाई: आन माझा न्हाई? परवा साखरपुडा हाये. शेठ, मी जुन्नरला बी जाऊ शकत व्हते. हितं कशापायी आले? हिच्या अक्षरापायी. आमच्याकडं बाया भांडं हातात घेत्यात आन सांगत्यात, हे फाट्यावरच्या पोरीचं.

सिद्धी: ऐकलंत? गिऱ्हाईक आलंय. मी गिऱ्हाईक सोडून—

फतेचंद: गिऱ्हाईक मी बघतो.

सिद्धी: नाव कोण टाकणार?

मशीन: घर्रर्रर्रर्र. घर्रर्रर्र.

लंकाबाई: ‘हौशीराम’ लई देखणं आलं. इतकं न्हाईत ते.

फतेचंद: बरं, मशीन चालू असतानाच बोलतो. फॉर्ममध्ये राहिलंय काय आता?

सिद्धी: एकच प्रश्न.

फतेचंद: कुठला?

सिद्धी: तुम्हाला हे शिक्षण का हवं आहे, आणि आत्ताच का हवं आहे. तीनशे शब्द.

लंकाबाई: काय शिकवत्यात पर त्यात?

फतेचंद: धंदा कसा करायचा ते.

लंकाबाई: ते शिकवायला पैसे घेत्यात व्हय. मंग गिऱ्हाईक बसवून ठिवायचं तुमच्याकडनं शिकत असतील.

सिद्धी: ‘का’ ते मी दोनशे शब्दांत लिहिलंय, चांगलं लिहिलंय. ‘आत्ताच का’ इथं गाडी अडते. आत्ता का नको, ते विचारलं असतं तर तीनशे काय, हजार शब्द लिहिले असते.

फतेचंद: सांग की मग. आत्ता का नको?

सिद्धी: कॉलेज सुरू होतं जूनमध्ये. यंदा मे-जूनमध्ये काय आहे?

लंकाबाई: धोंड्याचा महिना. अधिक.

सिद्धी: मावशींना कळतं. तीन वर्षांनी एकदा येतो. तालुक्यातले झाडून सगळे जावई, प्रत्येक जावयाला ताम्हण, आणि प्रत्येक ताम्हणावर नाव. दुकानाचा तो एक महिना सोडून मी पुण्यात जाऊन मार्केटिंग शिकू?

लंकाबाई: मागल्या धोंड्याला मी व्हते की रांगेत. रांग पार त्या रसवंतीपोत्तर गेली व्हती. बेल्ह्याची एक सासू आन राजुरीची एक सासू, दोघींच्या जावयांचं नाव ज्ञानेश्वर. तिचं ताम्हण हिनं उचललं, हिचं तिनं. मंग जी जुंपली. एक म्हणाय लागली, माझा ज्ञानेश्वर मास्तर हाये, त्याचं जाड पत्र्याचं व्हतं. शेवटाला हिनं सगळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या आन सांगितलं, नंबर बोलले तरच उठायचं, आन जावयाचं नाव गावासकट सांगायचं. तवापासून कोण हूं न्हाई की चूं न्हाई.

फतेचंद: हे लिही ना. फॉर्ममध्ये नेतृत्वाचा प्रसंग विचारला होता, तिथं काय लिहिलंस?

सिद्धी: कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं.

फतेचंद: हे लिहायचं सोडून?

सिद्धी: काय लिहू? साठ सासवा सांभाळल्या?

फतेचंद: मग? तिथले प्रोफेसर काय लग्न न झालेले असतात?

सिद्धी: आणि दुसरं. नोकरीचा अनुभव बघतात. दुकानातला अनुभव धरतात की नाही, कुणी नीट सांगत नाही. नारायणगावच्या क्लासचे सर म्हणाले, एक वर्ष कुठंतरी नोकरी करून मग भर, जास्त शोभतं. म्हणजे पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी धोंडाही नाही.

फतेचंद: मागच्या वर्षीही धोंडा नव्हता.

मशीन: घर्रर्र—

लंकाबाई: बटन बंद कर, पोरी. बाप कायतरी बोलला.

फतेचंद: काही नाही. मागच्या वर्षीही नव्हता, एवढंच म्हटलं.

लंकाबाई: आमी टमाट्याचं रोप बाविसाव्या-पंचविसाव्या दिवशी लावतो. तिसाव्याला लावलं तरी लागतं म्हणा. पर मंग ते नुसतं उंच व्हतं, बांबू मागतं, तार मागतं. माल कमीच.

सिद्धी: मावशी, मी पंचवीस वर्षांचं रोप आहे.

लंकाबाई: म्हणूनच म्हणलं.

फतेचंद: त्रेचाळीस मिनिटं.

सिद्धी: तुम्ही ते मोजणं बंद करता का? मागच्या वर्षी माझा नंबर लागला नाही, त्याच्या आदल्या वर्षी लागला नाही. यंदा पण नाही लागला, तर त्या वाट्यांचं काय करणार? परत मागून आणणार घरोघर जाऊन?

फतेचंद: नंबर लागायला फॉर्म जावा लागतो, बेटा.

सिद्धी: म्हणजे?

फतेचंद: फी माझ्या खात्यातून जाते. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. दोन्ही वर्षं त्या शेवटच्या दिवशी मी मोबाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. एकदा ओटीपी आला, तो गॅस सिलिंडरचा निघाला.

लंकाबाई: म्हंजे हिनं धाडलाच न्हाई?

फतेचंद: परवाच्या वर्षी शेवटच्या दिवशी ओतूरहून कुणाची तरी घंगाळं आली नाव टाकायला. मागच्या वर्षी डबे. चौदा डबे होते, ही अंधार पडेपर्यंत टाकत बसली. एका डब्यावर तर गिऱ्हाइकानं न सांगता वेलबुट्टी पण काढली.

सिद्धी: तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही काही बोलला नाहीत.

फतेचंद: काय बोलणार? सगळ्यांना सांगितलं, कॉलेजवाल्यांनी माझ्या मुलीवर अन्याय केला. तुझ्या आत्यानं तर त्यांच्या नावानं उपास धरला एक दिवस.

लंकाबाई: आन आज माझा हंडा आला व्हय. बरं झालं सांगितलं. मी घरी जाऊन म्हणले असते, पोरीनं कसं झटपट काम करून दिलं.

सिद्धी: मावशी, तसं नाही.

लंकाबाई: मंग कसं?

सिद्धी: पप्पा, खरं बोलायचं तर ऐका. तुमच्या हातात चहाचा कप दिला की बशी वाजते. मागच्या धोंड्यात तुम्ही पहिले दोन दिवस नावं टाकलीत. तिसऱ्या दिवशी मशीन माझ्याकडं सरकवून म्हणालात, मला चष्मा बदलायला हवा. चष्म्याचा नंबर तोच होता, मी दुकानात विचारलं. मी गेले तर नावं कोण टाकणार? आणि नावं नाही टाकली, तर लोक इथं का थांबतील? भांडी तर मंचरला पण मिळतात.

फतेचंद: लेझर घेऊ. सांगितलं ना, पुण्याला लेझरवर—

सिद्धी: हा लेझर?

फतेचंद: हो. ह्या वाट्या सगळ्या लेझरच्या. काय वाईट आहेत?

लंकाबाई: बघू ती वाटी.

फतेचंद: त्यात काय बघायचं, लंकाबाई. सगळ्या सारख्याच आहेत.

लंकाबाई: सारख्या न्हाईत. ह्या खोक्यातली ही वरची बघ, सिद्धी, आन ही पार तळाची. तळाच्या वाटीवर तुझं नाव असं पळाल्यागत दिसतंय, मागं कुत्रं लागल्यावाणी. वरच्या वाटीवर नीट बसलंय.

सिद्धी: लेझर थरथरत नाही, पप्पा.

फतेचंद: वीज कमीजास्त होते कधीकधी.

सिद्धी: पुण्यात?

लंकाबाई: थांबा थांबा. दिवाळीच्या आदुगर मी आले व्हते, डब्याला कडी लावायला. दुपारचं. ही नव्हती, क्लासला गेली व्हती. शेठ माघारच्या खोलीत मशीन घ्यून बसले व्हते. अंगावर शर्ट न्हाई, घामानं भिजलेले. मला म्हणले, मशीनला तेल देतोय. आन पायापाशी ह्याच वाट्या.

सिद्धी: पप्पा.

फतेचंद: मशीनला तेल लागतं मधूनमधून.

सिद्धी: पप्पा, किती दिवस?

फतेचंद: तुझा क्लास होता तेवढे दिवस. दोन ते पाच. साडेतीन महिने झाले असतील. रविवार सोडून.

सिद्धी: दोनशे एक्कावन्न वाट्या तुम्ही हातानं केल्यात?

फतेचंद: दोनशे त्र्याहत्तर. बावीस मोडीत घातल्या. त्या तर मलाही वाचता येईनात.

मशीन: घर्रर्र.

लंकाबाई: पोरी, हात काढ त्या मशीनवरचा. भांडं न्हाई काय न्हाई, नुसतीच काय फिरवतीस? बोलू दे माणसाला.

फतेचंद: बोलायचं काही नाही, लंकाबाई. साधी गोष्ट आहे. हिला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. मी तोंडानं जा म्हटलं असतं, तर ही माझ्या बशीकडं बघत बसली असती. मग म्हटलं, बघू तरी येतंय का. पहिल्या पन्नासात ‘सिद्धी’मधल्या ‘द्ध’ला हात निसटायचा. मी हात दाबून धरायचो, तो आणखी हलायचा. सत्तर-ऐंशीच्या पुढं कळलं, हात धरायचा नाही. हात जिकडं हलतो तिकडं डाव्या हातानं वाटी न्यायची. मग दोघांचं जमतं. सव्वाशेनंतर वाचता यायला लागलं. दोनशेनंतर मलाच आवडायला लागलं.

सिद्धी: पण हेच का? माझंच नाव, आणि एमबीए, आणि साल?

फतेचंद: कुणाचं तरी टाकायलाच पाहिजे ना. दुसऱ्याचं टाकून वाटी वाया घालवायची? आधी नुसतं ‘सिद्धी फतेचंद गुगळे’ टाकत होतो. ते सोपं जायला लागलं. मग अवघड काहीतरी पाहिजे होतं, म्हणून झालेल्या वाट्याही परत घेऊन त्यांच्यावर पुढचं टाकलं. एम. बी. ए.मध्ये टिंबं आहेत. अक्षर चालत असतं, त्यात हात खपून जातो. टिंबाला हात एका जागी थांबवावा लागतो. ह्या हाताला टिंबापेक्षा अवघड काही नाही.

सिद्धी: आणि अठ्ठावीस?

फतेचंद: साल तर आपण प्रत्येक भांड्यावर टाकतो. बिनसालाचं नाव कधी टाकलंय आपण? यंदा गेलीस तर अठ्ठावीसला होशील, हे मी बोटांवर मोजलं. बास.

लंकाबाई: म्हंजे चंदाबाई आज्जी आळ्यात वाटून आली ते—

फतेचंद: पहिल्या साठ. माझ्या सगळ्यात वाईट साठ. घरोघर गेल्या. हिला एमबीएची लाज वाटतेय, मला अक्षराची वाटतेय. पस्तीस वर्षं फाट्यावर नावं टाकतोय मी.

सिद्धी: म्हणून दोन दिवस स्थानकात गेला नाहीत?

फतेचंद: कसा जाऊ? तिथं तो वालचंदभाई वाटी उलटी करून बघत होता म्हणे.

लंकाबाई: हसती काय आन रडती काय. एक कायतरी कर.

सिद्धी: नाही, मी… मावशी, माझं कारणच गेलं. दोन वर्षं मी हेच मनात धरून बसले होते की, मी थांबले ते पप्पांसाठी. किती चांगली मुलगी, म्हणून स्वतःलाच सांगत होते. आता खाली नुसती भीती उरली. ती काही फॉर्ममध्ये लिहिता येत नाही.

लंकाबाई: कशाची भीती?

सिद्धी: इथं एसटीतनं उतरून कुणालाही विचारा, नावं कोण चांगली टाकतं. बोट माझ्याकडंच येईल. तिथं एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं. कुणी बंगलोरला नोकरी करून आलेला, कुणी इंजिनीअर. त्यांच्यात मला कोण विचारणार? आणि फॉर्म धाडला आणि खरंच नंबर नाही लागला तर? न धाडता नंबर न लागणं बरं होतं. त्याची सवय झालीय.

फतेचंद: एकतीस मिनिटं. मी मोजत नाही, दिसलं म्हणून सांगितलं.

लंकाबाई: मी लगीन होऊन आले ते आंबेगावकडनं, डोंगरातनं. आमच्याकडं भात आन नाचणी. हितं पेंढारला कांदा आन टमाटं. मला कायबी यीना. पहिल्या दिवशी पाण्याला गेले, तर बाया बघायल्यात, बोलत कोण न्हाई. मी हंडा खाली ठिवला. त्याच्यावर नाव व्हतं माझं. एकजण वाकली आन वाचली, ‘लंका’. मंग म्हणली, व्हय गं लंका, हिकडं सर, तिथं घसरतं. तोंडानं मी तीन महिने काय बोलले न्हाई. हंड्यावरच चाललं माझं.

सिद्धी: मग मी काय हंडा घेऊन बसू वर्गात?

लंकाबाई: वाटी ने. तुझ्याकडं लई हायत.

फतेचंद: आणि नाही लागला नंबर, तर नाही लागला. आठचा नऊ करता येतो. मी बघितलंय करून, एका वाटीवर. जरा जाड दिसतो, पण होतो.

सिद्धी: बरं. लिहिते. पण आधी मावशींचा हंडा, तो पाच मिनिटांत होईल. मग निवांत—

लंकाबाई: न्हाई.

सिद्धी: पाच मिनिटंच, मावशी. परवा साखरपुडा आहे ना तुमच्याकडं.

लंकाबाई: चौदा डब्यांनाबी पाचच मिनटं लागणार व्हती आसंल. सोड तो हंडा. शेठ, धरा.

फतेचंद: मी?

लंकाबाई: मंग कोण, लेझर?

फतेचंद: लंकाबाई, हा तांब्याचा आहे. गोल आहे. मी वाटीवर शिकलोय, वाटी हातात फिरते. हा मांडीवर घ्यावा लागेल. आणि तुम्ही हिच्या अक्षरासाठी आलात एवढ्या लांबून.

लंकाबाई: हिचं अक्षर परातीवर गेलं, ह्यांच्या नावाला. माणसं ते बघत्याल. हंड्यावर वाकडं आलं, तर जया म्हणंल, आईनं सवता टाकलंय. घ्या. मी धरते बुडाकडनं. तुमचा हात जिकडं जाईल तिकडं मी हंडा फिरवते. तुमची तेविसावी वाटी समजा, मोडीत निघाली तर निघाली.

फतेचंद: ह्या दुकानातून मोडीत निघालेला माल जात नाही.

लंकाबाई: मंग नीट काढा.

मशीन: घर्र.

फतेचंद: जरा उजवीकडं.

मशीन: घर्र. … घर्र.

सिद्धी: पप्पा, त्या सासवांचं मी खरंच टाकू का? नेतृत्वाच्या ठिकाणी? स्नेहसंमेलन काढून?

मशीन: घर्र.

लंकाबाई: टाक म्हणत्यात. मुंडी हलवली.

सिद्धी: दोघा ज्ञानेश्वरांसकट?

लंकाबाई: नुसता एक ज्ञानेश्वर घालून कळंल व्हय त्यांना?

मशीन: घर्र. घर्र.

फतेचंद: ‘चि.’ झालं. टिंब बसलं, लंकाबाई. बघा, बसलं.

लंकाबाई: बसलं. म्होरं चला.

सिद्धी: ‘आत्ताच का’ला मी एवढंच लिहिलंय. ऐका, मराठीत सांगते. आमच्या दुकानात गेली तीन वर्षं भांड्यांवरची सगळी नावं मी टाकत होते. माझ्याशिवाय ते काम होणार नाही असं मला वाटत होतं. आज चार वाजून तेहेतीस मिनिटांनी ते व्हायला लागलं.

मशीन: घर्र.

सिद्धी: तीनशे शब्द नाही होत, पण.

लंकाबाई: तीनशे लिवाया ते काय कीर्तनाला बसल्यात? धाड.

सिद्धी: फीवर आलंय. ओटीपी.

लंकाबाई: ते काय असतं?

सिद्धी: पप्पांच्या मोबाइलवर आकडे येतील. त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. पप्पा, जरा—

फतेचंद: मला हात सोडता येणार नाही. ‘सौ’वर आहे मी.

लंकाबाई: थांबा, एका हातानं हंडा धरते. हा बघ, काढला. वाजला. आकडे मला येत्यात, इंग्लिश बी. एसटीचे वाचते मी. च्यार. शून्य. सात. परत सात. एक. आन हे काय, सहा का आठ? वर उघडं हाये.

सिद्धी: सहा. हा गॅसचा नाही ना?

लंकाबाई: हितं गॅसच्या टाकीचं चित्र तर कुठं दिसंना.

मशीन: घर्र. घर्र. … घर्र.

सिद्धी: फिरतंय. गोल फिरतंय नुसतं.

लंकाबाई: फिरू दे. हा हंडाबी फिरतोय.

सिद्धी: गेला.

लंकाबाई: काय?

सिद्धी: फॉर्म. गेला, मावशी. खाली नंबर आला. पप्पा—

मशीन: घर्र.

सिद्धी: पप्पा, गेला फॉ—

मशीन: घर्र. घर्र.

लंकाबाई: आत्ता नको सांगू त्यांना. ‘जया हिस’ झालंय, ‘आईकडून’ ऱ्हायलंय. तेवढं व्हऊ दे.